एक संध्याकाळ रॉकला द्या

प्रति,
नागपुरातली सभागृहं, मैदानं आणि सांस्कृतिक महोत्सव ज्यांच्या हाती आहेत, त्या सर्वांस

सप्रेम नमस्कार.

मी ४७ वर्षांची आहे. जन्म नागपूरचा, शाळा-कॉलेज नागपूरचं, नोकरीही इथेच, एका बँकेत. चौदाव्या वर्षापासून रॉक ऐकते आहे, आणि आजवर एकाही मोठ्या बँडचा कार्यक्रम मी समोर उभं राहून ऐकलेला नाही. एकही नाही. माझं जे राहून गेलं ते आता परत येणार नाही, आणि ते तुमच्याकडे मागायला मी हे पत्र लिहीत नाही. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. ती बेस गिटार वाजवते, आणि तिच्या बँडला या शहरात वाजवायला जागा मिळत नाही. माझं राहून जाणं आणि तिला जागा न मिळणं, या दोन गोष्टी एकाच मुळातून आल्या आहेत असं मला वाटतं. ते सविस्तर सांगावं म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

१९९२ सालची गोष्ट. सीताबर्डीच्या मेन रोडवरून आत वळलं की कॅसेट भरून देणारं एक लहानसं दुकान होतं. काउंटरवर दोनशे पानी रजिस्टर. त्यात दुकानदाराने कानाला ऐकू येतील तशी बँडची नावं देवनागरीत लिहून ठेवलेली. 'लेड झेपलीन', 'डिप परपल', 'आयरन मेडन'. आपण ९० मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची, रजिस्टरातले नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि तीन दिवसांनी न्यायला जायचं. मी आणि माझा धाकटा भाऊ खाऊचे पैसे साठवून महिन्याला एक कॅसेट भरून आणायचो. एका बाजूला ४५ मिनिटं मावायची. पंचेचाळिसावं मिनिट संपलं की गाणं जिथे असेल तिथे खट्‌ करून थांबायचं. त्यामुळे कितीतरी गाण्यांचा शेवट मला कॉलेजात गेल्यावर कळला. आजही ती गाणी लागली की त्या ठरावीक जागी माझा श्वास अडतो. खट्‌ होत नाही, गाणं पुढे जातं, आणि पुढचा भाग मला अजूनही नवा वाटतो.

भिंतीपलीकडून आई म्हणायची, "काऊन एवढं मोठ्यानं लावता रे?" आम्ही आवाज कमी करायचो. रॉक कमी आवाजात ऐकायचं, दार लावून ऐकायचं, हेच आमचं ऐकणं.

माझ्या जन्माआधीचं आणि अजाण वयातलं मी धरत नाही. लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट १९७२ मध्ये कुलाब्याच्या एका क्लबात अचानक येऊन वाजवून गेले. १९८० मध्ये पोलिस हा बँड मुंबईच्या रंगभवनात वाजला तेव्हा मी दोन वर्षांची होते. फ्रेडी मर्क्युरी तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, पण आपल्या क्वीन या बँडला घेऊन तो या देशात कधी आलाच नाही, आणि १९९१ मध्ये गेला. ती हळहळ सगळ्या देशाची. माझी स्वतःची मोजदाद १९९५ पासून सुरू होते.

त्या साली डीप पर्पल मुंबईला आले. मी सतरा वर्षांची. पेपरातलं कात्रण घेऊन बाबांसमोर उभी राहिले. बाबा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, कात्रण दोनदा वाचलं आणि विचारलं, "मुंबईत आपलं कोण आहे?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आठशेवर किलोमीटरचा रेल्वेप्रवास, रात्रीचा कार्यक्रम, ओळखीचं एक घर नाही, आणि जाणारी एक मुलगी. नाही म्हणायला याहून जास्त काय लागतं? जॉन लॉर्ड तेव्हा त्या बँडमध्ये होते. त्यांच्या ऑर्गनचा तो खरखरीत, गुरगुरणारा आवाज मी हजारदा ऐकला असेल. २०१२ मध्ये ते गेले. ते ज्या हवेत वाजवत होते त्या हवेत मी कधीच उभी नव्हते.

२००२ मध्ये पिंक फ्लॉइड बँडचे रॉजर वॉटर्स बंगळूरला आले आणि २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स हा बँड बंगळूरला व मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मी तेव्हा बँकेत नवी होते, रजा मागायची हिंमत नव्हती. स्टोन्सच्या चार्ली वॉट्सना ड्रमवर बसलेलं पाहायचं राहिलं ते कायमचंच, २०२१ मध्ये तेही गेले. २००७ मध्ये तर चार आठवड्यांत दोनदा दार उघडलं आणि दोनदा मिटलं. १८ फेब्रुवारीला रॉजर वॉटर्स मुंबईत, १७ मार्चला आयर्न मेडन बंगळूरला. माझी मुलगी सहा महिन्यांची होती. तिला सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता आणि त्याचं मला तिळमात्र दुःख नाही, हे मी तिलाही सांगितलं आहे. पुढच्याच वर्षी १ फेब्रुवारीला मेडनने आपल्या जगभराच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन बँडचं बोइंग ७५७ विमान स्वतः चालवत होता. त्या विमानाचा फोटो मी कापून पोथीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. अजून आहे.

पण मनातून जात नाही ती २०११ ची दिवाळी.

२६ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि २८ ला, शुक्रवारी, भाऊबीज. भाऊ नोकरीनिमित्त बंगळूरला स्थायिक झालेला, आदल्या दिवशी आला होता. मी ओवाळलं. त्याने ताटात एक पांढरं पाकीट ठेवलं. निरांजनाची वात पाकिटाच्या कोपऱ्याला लागेल म्हणून सासूबाईंनी ते झटकन उचललं. आत पैसे नव्हते. ३० ऑक्टोबरच्या, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवरच्या मेटॅलिकाच्या कार्यक्रमाचं तिकीट होतं आणि शनिवारच्या विमानाचं माझ्या नावाचं प्रिंटआउट. मेटॅलिका भारतात पहिल्यांदाच येत होती. सासूबाईंनी विचारलं, "कसली चिठ्ठी आहे जी?" भाऊ म्हणाला, "ताईला गाणं ऐकायला नेतो. बिचारी इतकी वर्षं नुसत्या कॅसेटीच ऐकून रायली." सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग जाऊन ये. पोरीला मी पाहते."

मेटॅलिकाचा पहिला कार्यक्रम त्याच दिवशी संध्याकाळी गुडगावला व्हायचा होता. तो ऐनवेळी रद्द झाला. चिडलेले लोक मंचावर चढले, सामानाची मोडतोड झाली. रात्री टीव्हीवर तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. आमच्या घरात त्यावर कोणी एक शब्द काढला नाही. मीच म्हटलं, "नको. मी नाही येत."

नवरा म्हणाला, मी सोडतो एअरपोर्टला. सासूबाई म्हणाल्या, तिकडे झालं म्हणून इकडे होईल असं थोडंच आहे. भाऊ रात्री बारापर्यंत समजावत होता. आणि मी कारणं शोधत होते. मुलीची शाळा. सोमवारी बँकेची महिनाअखेर. घरात पाहुणे. शेवटी तो शनिवारी एकटाच गेला. माझं तिकीट त्याने ऑफिसातल्या कोणाला तरी दिलं.

रविवारी रात्री त्याचा फोन आला. मी मागच्या गॅलरीत दिवाळीच्या पणत्या धुवायला काढत होते, हात तेलकट होते, फोन कानाशी खांद्याने दाबून धरला. तो बोललाच नाही. त्याने फोन हात उंच करून गर्दीवर धरला असावा. मला ऐकू आलं ते नुसतं चरचरणं, पत्र्यावर पाऊस पडावा तसं. गिटार नाही, ड्रम नाही. मधूनच माणसांचा एक प्रचंड एकत्रित आवाज, आणि पुन्हा चरचर. मी चार-पाच मिनिटं तशीच उभी राहिले. गाणं कोणतं चाललं आहे हेही मला ओळखता आलं नाही. ज्या बँडचं प्रत्येक गाणं मला पहिल्या दोन सेकंदांत ओळखता येतं, त्या बँडचं.

असं का झालं ते बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीने मला समजावलं. फोनवरून तेव्हा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जायचा. माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर तिचा मूळ सूर ४१ हर्ट्‌झचा असतो. ड्रममधला पायाने वाजवायचा मोठा ढोल त्याच्याच आसपास घुमतो. म्हणजे जे ऐकायला माणसं हजार किलोमीटर जातात, जे कानाआधी छातीला आणि तळपायांना कळतं, नेमकं तेवढंच त्या फोनने गाळून टाकलं होतं. कॅसेटवर ते थोडं असतं, चांगल्या हेडफोनमध्ये बरंचसं असतं, पण त्याचा धक्का अंगाला लागायला मोठे स्पीकर आणि मोकळी हवा लागते. आपल्याकडे ढोल-ताशा पथकाच्या जवळ उभं राहिलेल्या माणसाला मी काय म्हणते ते लगेच कळेल. पथकाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकून कोणाचं समाधान झालंय का कधी?

मी का गेले नाही, याचं खरं उत्तर मला त्या रात्री माहीत नव्हतं. गर्दीची भीती म्हणावी, तर मारबतीच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून उभी राहिले आहे, गर्दीची मला सवय आहे. मला कार्यक्रमाला जायचं कसं असतं हेच माहीत नव्हतं. काय घालायचं, पुढे उभं राहायचं की मागे, पाण्याची बाटली आत नेऊ देतात का, बायकांची सोय कुठे असते, आवाज सहन झाला नाही तर मधूनच बाहेर पडता येतं का, तेहेतीस वर्षांची एका मुलीची आई तिथे चालते का. हे प्रश्न कोणाला विचारायचीही लाज वाटली.

याच्या उलट, नाटकाला जाताना मला कधी विचार करावा लागला नाही. मी सात वर्षांची असताना बाबांनी धनवटे रंगमंदिरात नेलं. पहिली घंटा झाली की पाणी पिऊन घ्यायचं, तिसरी झाली की बोलणं बंद, टाळी कुठे द्यायची, मध्यंतरात वडा कुठे चांगला मिळतो, हे सगळं बोट धरून शिकवलं गेलं. आज मी कोणत्याही शहरातल्या कोणत्याही नाट्यगृहात एकटी जाऊन बसू शकते, कारण ती रीत मला माझ्या गावात, माझ्या बापाने शिकवली. रॉक ऐकायला जायची रीत शिकवणारी एक जागाही माझ्या गावात नव्हती. म्हणून ते दार समोर उघडं असतानाही मला त्यातून आत जाता आलं नाही.

ऐकणारा माणूस गावात तयार होतो. हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

बंगळूरचे लोक काही वेगळ्या मातीचे नाहीत. त्यांच्याकडे पॅलेस ग्राउंड्स होतं, आणि ते द्यायची तयारी होती. मेडन आले, वॉटर्स आले, स्टोन्स आले, मेटॅलिका आली. मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. तिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सव व्हायचा आणि देशभरातले कॉलेजचे बँड तिथे वाजवून मोठे झाले. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आल्यामुळे रंगभवन बंद पडलं. तिथे वाजवलेले लोक अजूनही त्या जागेबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात. एखाद्या पडक्या खुल्या मंचाबद्दल इतकं कोणाला का वाटावं? तिथे ते पहिल्यांदा कोणासमोर तरी उभे राहिले होते, म्हणून.

शिलाँग घ्या. लोकसंख्येने आपल्या नागपूरपुढे कितीतरी लहान, डोंगरातलं गाव. तिथे लू माजॉ नावाचा गायक १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी अमेरिकन गायक बॉब डिलनचा वाढदिवस गाऊन साजरा करत आला आहे. त्या गावात २००७ मध्ये स्कॉर्पियन्स हा जर्मन बँड येऊन वाजवून गेला. जिथे एक माणूस इतकी वर्षं दरसाल न चुकता गातो आणि गाव ऐकायला जमतं, तिथे बाहेरच्यालाही यावंसं वाटतं. नागालँडमध्ये डिसेंबरातल्या हॉर्नबिल महोत्सवात पारंपरिक नाचगाण्यांच्या जोडीला रॉक बँडच्या स्पर्धा होत आल्या आहेत, आणि तो महोत्सव तिथलं सरकार भरवतं. पुण्यात २०१० मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला. ज्या रस्त्यावरून ते नाव पडलं, तो वाराणसी-कन्याकुमारी रस्ता पुण्यावरून जात नाही, आपल्या वर्धा रोडवरून जातो. आता त्याचा नंबर ४४ झाला, तरी जुनी माणसं अजून सेव्हनच म्हणतात.

आपल्याकडे काय कमी आहे? रेशीमबागेत २०१७ पासून कविवर्य सुरेश भट सभागृह आहे, जवळपास २००० माणसं बसतील एवढं. सिव्हिल लाइन्समध्ये डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतराव या शहरात गाणं शिकले, आणि त्यांचं गाणं कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत बसलं नाही. त्यांच्या नावाच्या वास्तूत नवं काही वाजलं तर त्या नावाला शोभेलच. कस्तुरचंद पार्क आहे, मानकापूरचं क्रीडा संकुल आहे. खासदार सांस्कृतिक महोत्सवाला ईश्वर देशमुख कॉलेजच्या मैदानावर हजारो लोक येतात, बसतात, ऐकतात आणि व्यवस्थित घरी जातात. मीही जाते. मंच, वीज, पार्किंग, पोलिस बंदोबस्त, हे सगळं या शहराला उत्तम जमतं, ते दरवर्षी दिसतं.

आता माझ्या मुलीच्या बँडबद्दल. चौघं आहेत, दोन मुली, दोन मुलं. मानेवाड्याला ड्रम वाजवणाऱ्या मुलाच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या आणि गोधड्या टांगल्या आहेत, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या आहेत. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असताना ही पोरं आत कूलर बंद करून वाजवतात, कारण कूलरची घरघर माइकमध्ये येते. एका गाण्याला सात मिनिटं, मग दार उघडून दोन मिनिटं जिन्यात बसायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा आत. मुलीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांना घट्टे पडले आहेत, भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला पडतात तसे कडक. गाणी त्यांची स्वतःची आहेत, मराठीत. एक नाग नदीवर आहे. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं तिच्यावरून आपण रोज नाक दाबून जातो, असं काहीसं ते गाणं आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जिन्यात बसून रडले. खालच्या काकू वर आल्या होत्या, "एवढं धाडधाड वाजवून रायले, भिंत पडन नं!" म्हणायला. त्या पायरीवर माझ्या शेजारी बसल्या आणि गाणं संपेपर्यंत उठल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात या मुलांनी शहरातल्या एका लहानशा खासगी सभागृहासाठी अर्ज केला. भाड्याचे पैसे शिकवण्या घेऊन जमवलेले. अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता, तिथे मुलीने 'रॉक संगीत' लिहिलं. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे ऑर्केस्ट्रा?" ही म्हणाली, नाही काका, आमचीच गाणी आहेत. ते म्हणाले, "मग आमच्यात बसत नाही. खुर्च्या तुटतात तुमच्या कार्यक्रमात." इथे असा कार्यक्रम आधी कधी झाला आहे का, असं तिने विचारलं. झाला नव्हता. अर्ज परत मिळाला. तो घेऊन ती घरी आली आणि माझ्या टेबलावर ठेवून काही न बोलता आत गेली. तो रकाना बघताना मला पांढरं पाकीट आठवलं.

आवाजाचा मुद्दा कोणीतरी काढेल, आणि तो काढायलाच हवा. शेजारी आजारी माणूस असतो, परीक्षेला बसलेलं पोर असतं. मी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम वाचले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागेत आतल्या आत चालणारा कार्यक्रम त्या मनाईतून वगळलेला आहे. उघड्या जागेसाठीसुद्धा सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे. ते दिवस सणांना लागतात, लागू देत. आम्हाला त्यातला एकही नको. ही मुलं साडेसहाला सुरू करून साडेनऊच्या आत आवरतील. नियम त्यांच्या आड येत नाही. अडतं ते फक्त 'रॉक' या शब्दापाशी.

आणि एक गोष्ट मुलींसाठी म्हणून वेगळी सांगते. २००७ साली आमच्या ओळखीतले काही मुलगे जनरलच्या डब्यात बसून बंगळूरला गेले, मैदानावर मेडन ऐकलं, रात्र स्टेशनवर काढली आणि परत आले. मला त्यांचा हेवा वाटला आणि अजून वाटतो. त्यांच्याबरोबर एकही मुलगी नव्हती. लांबच्या कार्यक्रमाला जाणं ही आपल्याकडे मुलग्यांना मिळालेली मुभा आहे. तोच कार्यक्रम गावात असला, साडेनऊला संपला, तर नंदनवनची, जरीपटक्याची, त्रिमूर्तीनगरची पोरगी स्कूटीवर येईल, मैत्रिणीला मागे बसवून येईल आणि दहाला घरी पोहोचेल. तिच्या बाबांना "तिथे आपलं कोण आहे?" असं विचारावं लागणार नाही. नागपुरात तिचं सगळं गोत आहे.

५ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथ या बँडचा शेवटचा कार्यक्रम बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर झाला. मी आणि मुलीने तो रात्री लॅपटॉपवर पाहिला. त्यांचा गायक ओझी ऑस्बॉर्न याला पार्किन्सन्सने उभं राहता येत नव्हतं, तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. मुलीचं सगळं लक्ष बेस वाजवणाऱ्या गीझर बटलरच्या बोटांवर. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा, तिथे त्याच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. त्याने प्लास्टिकची टोकं घडवून बोटांवर चढवली, पुढे तारा सैल करून वाजवायला लागला, आणि त्यातून तो जड, खालचा आवाज आला ज्यावर पुढे अख्खं हेवी मेटल उभं राहिलं. व्हिला पार्क ज्या अ‍ॅस्टन भागात आहे, त्याच भागात बँडमधले चौघंही वाढले. जगभर फिरून शेवटचं गाणं त्यांनी आपल्या मोहल्ल्यात वाजवलं. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ओझी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मला म्हणाली, "आई, यांना त्यांच्या गावाने वाजवू दिलं गं." मी काही बोलले नाही. तो परत आलेला अर्ज तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्येच होता.

तेव्हा माझं मागणं असं आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या हाती सभागृह आहे त्यांनी वर्षातली एक संध्याकाळ नागपूर-विदर्भातल्या रॉक बँडसाठी राखून ठेवावी, नाटकांच्या संस्थांना सवलतीचं भाडं असतं तशा भाड्यात. ज्यांच्या हाती महोत्सव आहे त्यांनी मोठ्या गायकाआधीचा अर्धा तास अशा एका बँडला द्यावा, हजारो माणसं आयती समोर असतात. अर्जातल्या 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात रॉक हा शब्द स्वीकारावा. खुर्च्यांची काळजी असेल तर अनामत घ्या, पुढच्या चार रांगा काढून ठेवा, हमीपत्र लिहून घ्या. सही मी करीन. बाहेरचे मोठे बँड नागपूरला येतील की नाही ते मला माहीत नाही, आणि आज तो माझा आग्रहही नाही. चौदा वर्षांच्या एखाद्या पोराला किंवा पोरीला आपल्याच शहरात, आईबापाचं बोट धरून, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहता यावं. आवाज छातीवर आदळला की पहिल्यांदा दचकायला होतं आणि दुसऱ्यांदा होत नाही, हे त्यांना इथेच कळावं.

मुलीच्या बँडचा अर्ज या पत्रासोबत पुन्हा पाठवते आहे, यावेळी तुम्हा सर्वांकडे. कलावंत चार, कार्यक्रम दीड तासाचा, एक ड्रमसेट, तीन अ‍ॅम्प, साउंडचेकसाठी दुपारी चारपासून जागा मिळावी. डिसेंबर-जानेवारीतली कोणतीही तारीख चालेल. भाऊ बंगळूरहून येईल म्हणाला आहे. त्याचं आणि माझं तिकीट मी काढीन. मला खुर्ची लागणार नाही.

आपली,
धरमपेठेतली एक श्रोती
नागपूर